बॅटरी नसलेला बिल्ला

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर शेवट तरी नीट केला असता.

गेल्या श्रावणातली गोष्ट. जागा, इगतपुरीजवळ धरणाच्या कडेला असलेलं माझ्या सहादू मामांचं घर.

मामा आता नाहीत. मंगला मामी अजून त्याच घरात आहे. तिला तिथून कसं बाहेर काढायचं, हे मला कळत नाहीये.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले. नाशिकला एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही जनावरांसाठी टॅग बनवतो. गावात त्याला बिल्ला म्हणतात. आमच्या बिल्ल्यात बॅटरी नसते. अंग गरम असतं, बाहेरची हवा गार असते. या दोन्हींतल्या फरकातून तो वीज बनवतो आणि आपला नंबर पाठवतो.

फरक संपला की बिल्ला गप्प.

चाचणीसाठी मी मामांच्या म्हशींना बिल्ले लावले. गोठ्याच्या खांबाला रीडर बसवला. म्हैस जवळ आली की तो टीक करायचा आणि तिचा नंबर दाखवायचा.

मामांना भारी गंमत वाटली.

"चैताली, मला पण बांध एक. तुझ्या मामीला कळू दे मी कुठं उंडारतो ते."

मामी चुलीपाशीच होती. "बांध गं बांध. म्हशीला बिल्ला, मग रेड्यानं काय पाप केलंय?"

मामा खो खो हसले. मी काळ्या दोऱ्यात ओवून एक बिल्ला त्यांच्या मनगटावर बांधला.

नंबर सात.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. इगतपुरीचं धुकं, हाताची बोटं दिसत नाहीत असं. एक पारडू मागे राहिलं म्हणून मामा धरणाकडे गेले.

धारेच्या वेळेला म्हशी परत आल्या. मागून पारडूही आलं.

मामा आले नाहीत.

भारत, माझा मामेभाऊ, बांधावर उभा राहून हाका मारत होता. धुक्यातून काहीच परत येत नव्हतं. बेडूकसुद्धा गप्प होते.

आणि मग...

टीक.

रीडरवर सात आकडा होता.

"आले," मामी म्हणाली, आणि तिने चहाला आधण ठेवलं.

चहा उकळला. गाळला. निवला.

कोणी आलं नाही.

रीडर मात्र थांबला नाही. टीक... टीक...

गावातली माणसं टॉर्च घेऊन जमली. ती पाण्याकडे निघाली, तर मामी आडवी झाली. "पाण्याकडं कशाला? ते इथंच हायेत. मशीन सांगतंय ना. चैताली, सांग यांना."

मी सांगितलं. बिल्ला अंगाच्या उबेवरच चालतो. तो बोलतोय, म्हणजे मामा जिवंत आहेत आणि जवळच आहेत.

सगळ्यांनी गवताची गंज उपसली. माळा पाहिला. परसातली विहीर पाहिली.

मी रीडर खांबावरून काढला आणि हातात धरून घरभर फिरले. सगळ्यात जास्त सिग्नल एकाच ठिकाणी होता.

मामांच्या बाजेवर.

बाज रिकामी होती. वर घोंगडी घडी घालून ठेवलेली. मामीने घडीखाली हात घातला... आणि तसाच ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली.

मीही हात घातला. मला घोंगडी गार लागली.

सकाळी मामा पाण्यात सापडले. डॉक्टर म्हणाले, कालच्या दुपारीच गेलेत.

म्हणजे पहिल्या टीकच्या आधी.

बिल्ला मनगटावरच होता. मी तो उघडला. आत गाळ भरला होता, आतली पट्टी तडकली होती. असा बिल्ला बोलूच शकत नाही. मी तो नाशिकला आणून कपाटात ठेवला.

तरी रोज धारेच्या वेळी, इगतपुरीला, रीडरवर सात नंबर यायचा.

मी रीडरची मेमरी पुसली. मग रीडरच बदलला. दुसऱ्या कुठल्या बिल्ल्याला तोच नंबर नाही, हेही तपासलं.

सातच.

मला भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. मी फक्त नोंद घेत राहिले. तेवढंच जमत होतं.

मामी त्या बाजेवर झोपायला लागली. परवा, या वैशाखात, मी तिला भेटायला गेले. पत्रे तापले होते, म्हशी धापा टाकत होत्या...

मामी स्वेटर घालून बसली होती. वर शाल.

तिचा हात हातात घेतला. माठाला हात लावावा तसा होता. घोटीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, सगळं नॉर्मल.

मी रीडर पाहिला. सात नंबरचा सिग्नल इतका जोरदार कधीच नव्हता.

ऊर्जा फुकट येत नाही. ती कुठून तरी घ्यावी लागते. हे मी पहिल्या वर्षी शिकले.

"मामी, माझ्याबरोबर नाशिकला चल. आजच."

तिला सगळं आधीच माहीत होतं, असं मला वाटलं. जेवताना कोणी अजून एक भाकरी मागावी आणि वाढणारीने हसावं, तशी ती हसली.

"घेऊ दे गं. पाण्यात लय गारठले असतील ते."

"आई, येडी झालीस का?" म्हणत भारतने रीडरची वायर उपटली आणि तो माझ्या पिशवीत टाकला. "ने हे. झाली कटकट बंद."

रीडर फक्त ऐकतो. तो काढल्याने घेणं थांबत नाही. आता आपल्याला कळणार नाही, एवढंच.

मघाशी फोन केला.

"मामी, थंडी कशी आहे?"

"नाय वाजत आता." शब्द जड, सावकाश. "कालपासनं... नाय वाजत."

मागून भारत खुशीत ओरडला, "बघ, मशीन गेलं आन बरं वाटलं तिला!"

अंग फार गार पडलं की आधी माणूस कुडकुडतो. त्याहून गार पडलं की कुडकुडणं थांबतं.

मी भारतला तिचा ताप बघायला सांगितलं. तो थोड्या वेळाने फोनवर आला.

"थर्मामीटर बिघडलंय गं. नुसतं 'लो' दाखवतंय."

"भारत, आईला त्या बाजेवरून उठव. आत्ताच्या आत्ता."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून त्याचं बोलणं. मग काहीच नाही...

तो परत आला तेव्हा हळू बोलत होता.

"धरून उठवावं म्हणून मी कडेला बसायला गेलो. म्हटलं, आई, जरा तिकडं सरक... तर म्हणते, कुठं सरकू? पलीकडं जागा हाय का?"

मी गाडीत आहे. घोटी मागे पडली.

बाजेवर मामी एकटीच होती का, हे मी त्याला विचारलेलं नाही. तोही आपणहून काही बोललेला नाही.