एक ते चार आवाज नको

सदाशिव पेठेतल्या मंदाकिनीकाकूंच्या दारावर पाटी आहे: ‘दुपारी एक ते चार आवाज करू नये. कारण विचारू नये.’ खोली भाड्याने घेताना उत्तरेश्वर ती वाचून हसला होता. लातूरहून आलेल्या माणसाला पुण्याच्या पाट्यांची गंमत वाटायचीच.

त्याची कंपनीत रात्रपाळी, म्हणून झोप दुपारची. वय सव्वीस आणि घोरणं असं की खिडकीच्या काचा थरथराव्यात. एवढं झोपूनही उठला की डोकं जड. मीटिंगमध्ये डुलक्या लागायच्या. साहेबांनी एकदा समजावलं, दुसऱ्या वेळी लेखीच दिलं. भाग्यश्रीशी लग्न ठरत होतं. तिच्याशी फोनवर बोलता बोलता हा झोपला, तेव्हापासून तिचे फोन कमी झाले. त्यात भर म्हणजे दुपारी डोळा लागला की भिंतीवर ठकठक. काकूंची वामकुक्षी मोडत असणार, असं समजून तो बिचारा निमूट कूस बदलायचा.

शेवटी तो डॉक्टर नीरजांकडे गेला. त्यांनी घरीच झोपेची तपासणी लावली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, उशाशी रेकॉर्डर.

“झोपेत तुमचा घसा मिटतो आणि श्वास थांबतो. पुन्हा पुन्हा,” रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या. “मशीन लावावं लागेल.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्याजवळ कोणी बसतं का? श्वास थांबला की ठकठक ऐकू येते. एरवी नाही.”

उत्तरेश्वर काकूंचे आभार मानायला गेला.

“मी कशाला ठोकू?” काकू म्हणाल्या. “पलीकडची खोली अभयची. तिला कुलूप आहे.”

अभय त्यांचा मुलगा. तोही असाच घोरायचा. एका दुपारी घोरता घोरता मध्येच थांबला.

“मला बरं वाटलं हो,” काकूंचा आवाज खाली आला. “म्हटलं, सुटले एकदाची… आणि मी झोपले. चारला चहा घेऊन गेले, तर…” त्यांनी पदर सारखा केला. “पाटी त्यानंतरची. काही ऐकू आलं तर कळावं म्हणून. अजून तरी आलं नाही.”

मशीन आलं. नाकावर मास्क, उशाशी बारीक घूंघूं. उत्तरेश्वर कित्येक वर्षांनी पोटभर झोपला. साहेब निवळले, भाग्यश्री फोनवर हसू लागली. ठकठकही थांबली.

मग एका गुरुवारी दुपारी लाइट गेली. मशीन बंद पडलं तसा तो जागा झाला आणि मास्क काढून बसला. घर चिडीचूप होतं. भिंतीपलीकडे कोणीतरी घोरत होतं.

संथ, जड घोरणं. ते मध्येच थांबलं.

उत्तरेश्वर वाट पाहत राहिला. घोरणं पुन्हा सुरू होईना. त्याला भीती वाटली, पण ती भुताची नव्हती. त्याने भिंतीवर ठकठक केली. पलीकडे कोणीतरी मोठ्याने श्वास ओढला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

दारात काकू उभ्या होत्या.

“येतंय ऐकू?…”

“हो.”

त्या भिंतीला कान लावून खाली बसल्या. इतक्यात लाइट आली आणि मशीन घूंघूं करू लागलं.

“ते बंद करा,” काकू म्हणाल्या. “ऐकू येत नाही.”

त्याने बटण बंद केलं.

मीटिंगमध्ये त्याला पुन्हा डुलक्या लागतात. ती खोली सोड, असं भाग्यश्री सारखी म्हणते. त्यालाही पटतं. पण मग ठोकणार कोण?