डबी बंद ठेवलेल्या संध्याकाळी

गाईंना ग्लायडर चाटायला भारी आवडतं. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण थॉर्नकोम्बच्या टेकडीखाली एका गाईनं एकदा पंखावरची अक्षरं साफ चाटून टाकली होती, आणि पुढे महिनाभर ती गाय वाऱ्याकडे तोंड करून, दोन्ही कान आडवे पसरून उभी राहायची. म्हणूनच त्या दुपारी हेस्टर लोव्हिबाँडला वर नेणारा वारा अचानक सरला आणि आपलं बिनइंजिनाचं विमान घेऊन ती अनोळखी कुरणात उतरली, तेव्हा उतरल्या उतरल्या तिनं गाई कुठे आहेत ते पाहिलं.

गाई येतच होत्या. रमतगमत, जिभा बाहेर काढून.

कुंपणापलीकडे एक माणूस छत्री बगलेत धरून सँडविच खात होता.

"अहो! तुम्हाला गाईंची भीती वाटते का?"

"वाटते," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग छत्री उघडा आणि पळत या!"

तो खरंच आला. पाऊस भुरभुरत होता, त्याचे बूट चिखलात रुतत होते, आणि चेहऱ्यावर... हेस्टरला हसू आवरेना.

"फोनला रेंज नाही. मी वर जाऊन येते. तोवर एकही जीभ पंखाला लागता कामा नये."

"आणि मला लागली तर?"

"तुम्हाला धुऊन काढता येतं."

ती परत आली तेव्हा सँडविच एका गाईनं खाल्लं होतं, छत्रीचा कोपरा दुसरीनं चावला होता, आणि तो उरलेल्यांना शांतपणे काहीतरी समजावून सांगत होता. पंख मात्र कोरडे होते. म्हणजे, पावसानंच ओले.

"कोरिन थॅकरे," त्यानं हात पुढे केला, मग त्यावरची लाळ पाहून मागे घेतला. हेस्टरनं तो तसाच धरला.

"आम्हा ग्लायडरवाल्यांत रीत आहे, मिस्टर थॅकरे. शेतात उतरलेल्याच्या मदतीला जो धावतो, त्याला उतरलेल्यानं जेवू घालायचं. आणि का उतरलास, असं त्यानं विचारायचं नाही."

"विचारलं तर?"

"पुडिंग कापलं जातं."

त्यानं विचारलं नाही. संध्याकाळी गावातल्या पबमध्ये त्याला पुडिंग मिळालं, तिच्या ताटातलं अर्धंही.

"काय करता तुम्ही?"

"नकाशे काढतो."

"रस्त्यांचे?"

कोरिननं पुडिंगचा केवढा तरी घास तोंडात घातला. हेस्टरला वाटलं, हो म्हणाला.

तो उन्हाळा कसा गेला ते विचारू नका. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही नाही. पश्चिमेचा वारा सुटला की हेस्टर त्याला दोन आसनांच्या ग्लायडरमध्ये पुढे बसवायची. वारा टेकडीला धडकून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर टेकडीच्या कडेकडेनं नुसतं जायचं आणि यायचं. खाली मेंढ्या, बाजूला ससाणे, आवाज फक्त हवेचा.

पहिल्याच वेळी तिनं समोरची लहानशी डबी बंद केली. आपण कुठून कुठे उडालो ते टिपणारी डबी ती. टिपलेलं सगळं नंतर इंटरनेटवर चढतं.

"बंद का केलीस?"

"लांब गेलो तर जगाला दाखवायचं. घरच्या टेकडीवरची ये-जा कोण दाखवतं? अंगणात फेरी मारली म्हणून कुणी फुशारकी मारतं का? आमचा सगळा ग्लायडिंग क्लब बंदच ठेवतो." ती हसली. "या संध्याकाळी आमच्या आमच्या."

कोरिननं मान वळवली. "म्हणजे... नोंदच नाही? कुणाचीच?"

"नाही."

"हेस्टर, मला तुला एक—"

"श्श... ससाणा बघ."

त्यानं ससाणा पाहिला. आमच्या टेकडीचं जे काही बिघडलं, ते त्या एका ससाण्यापायी, असं मी आजही मानतो.

पुढच्याच आठवड्यात गावच्या हॉलमध्ये सभा भरली. सेव्हर्नफर्डच्या विमानतळाला आपल्या नियंत्रणाखालची हवाई हद्द वाढवून हवी होती, थेट थॉर्नकोम्बवर, आणि इतकी खाली की ग्लायडरला टेकडीवरून मान वर काढायची सोय उरणार नव्हती. वर गेल्याशिवाय लांब जाता येत नाही. लांब जाता येत नसेल तर क्लबात राहतो कोण?

व्यासपीठावर नकाशापाशी कोरिन उभा होता.

ग्लायडरला तारेनं ओढून हवेत चढवणारा आमचा विंचवाला, म्हातारा विल्फ गार्साइड उठला. "साहेब, तुमच्या नकाशात आमची टेकडी कोरी आहे. इतकी वर्षं आम्ही तिथे काय, मेंढ्या उडवत होतो?"

हॉल हसला. व्यासपीठावरच्या विमानतळाच्या अधिकारी बाई हसल्या नाहीत. "नोंदींप्रमाणे तिथे कुणी उडत नाही."

हेस्टरच्या हातातला चहा निवत गेला.

बाहेर तो तिच्यामागे पळत आला. पहिल्या दिवसासारखाच.

"नकाशा तुला भेटण्याआधीचा आहे. आकाश कोरं दिसलं, मी रेघ ओढली. त्या कुरणातही तेवढ्यासाठीच आलो होतो, रेघेखाली काय आहे ते बघायला."

"आणि काय दिसलं?"

"तू."

ती क्षणभर विरघळली. क्षणभरच.

"ऐक, हेस्टर. हरकतींची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. विल्फला सांग, उद्यापासून सगळ्यांनी डब्या चालू ठेवा. रोज संध्याकाळी. आकाश भरून टाका रेघांनी! मग माझी रेघ मी वर उचलायला लावीन."

"म्हणजे कुणी चुकून तुमच्या हद्दीत शिरलं की तेही आयतं सापडेल. जाळं छान विणलंयस."

"हेस्टर—"

"जा तू."

तिनं विल्फला काही सांगितलं नाही.

त्या महिन्यात पश्चिमेचा वारा खुळ्यासारखा वाहिला. क्लबानं खरमरीत पत्रं पाठवली, फलक रंगवले, आणि रोज संध्याकाळी टेकडीवर इतके ग्लायडर उडाले की ससाणे पायी जाऊ लागले. प्रत्येक डबी बंद होती.

महिना संपला. हद्दीची रेघ खाली आली.

शरद ऋतूत विंचची तार सांधताना विल्फ सहज म्हणाला, "तो नकाशावाला शेवटच्या बैठकीत आपल्या बाजूनं बोलला म्हणे. मी स्वतः तिथे उडालोय, म्हणाला. पुरावा काय, विचारलं, तर दाखवायला काही नाही. नोकरी सोडली त्यानं."

हेस्टरनं पक्कड खाली ठेवली. मग तिनं विल्फला सगळं सांगितलं. ऐकून म्हाताऱ्यानं पक्कड उचलून तिच्या हातात दिली आणि तार पुन्हा सांधायला घेतली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नव्या हद्दीखाली उंची पुरली नाही आणि हेस्टर उतरली. कुरण तेच. वाऱ्यानं नेलं की तिनं नेलं, आमच्या रीतीप्रमाणे विचारायचं नसतं. टेकाडावर चढून तिनं क्लबाला नव्हे, कोरिनला फोन केला.

तो आला. छत्रीच्या चावलेल्या कोपऱ्याला ठिगळ होतं.

पबमध्ये पुडिंग येताच तिनं सांगून टाकलं. "मी विल्फला सांगितलंच नव्हतं, कोरिन."

"माहीत होतं."

"कसं?"

"रोज संध्याकाळी संगणकावर तुमच्या डब्यांच्या नोंदी उघडून बसायचो. टेकडी कोरी. वाटायचं, आज तरी..." तो चमचा फिरवत राहिला. "एक जरी रेघ दिसली असती ना, हेस्टर, तरी थांबलो असतो."

"थांबलो असतो म्हणजे?"

"उद्या नॉर्वेला निघालोय. समुद्राच्या तळाचे नकाशे. तिथे कुणी उडत नाही."

"माझं तुझ्यावर..."

"माझंही," तो म्हणाला, आणि आपल्या ताटातलं अर्धं पुडिंग तिच्या ताटात सरकवलं.

तो गेला. गाडीचे दिवे वळणापर्यंत दिसले.

आता टेकडीवर माणसं थोडी असतात. वारा सुटला की हेस्टर एकटीच वर जाते. नव्या छताखाली, अगदी खालून, कडेकडेनं जाते आणि येते. नॉर्वेत त्या वेळी कुणी त्या नोंदी उघडतं का, कोण जाणे. पण निघताना ती डबी चालू करते. तिचा हिरवा दिवा डोळ्यांवर येतो, मावळतीला तर फारच.

ती तो झाकत नाही.