पट्टी बांधल्यावर

मास्तरांची नजर म्हणजे घारीची नजर. शाळेत पोरांनी त्यांचं नावच 'घार' ठेवलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये घार फिरू लागली की भलेभले कॉपीबहाद्दर चिठ्ठी गिळून टाकायचे. मास्तर निवृत्त झाले आणि ती सगळी नजर घरी आली. घरात होत्या एकट्या मास्तरीणबाई. कपाटावरची धूळ, डब्यातली बिस्किटं, दुधावरची साय, काही म्हणता काही त्या नजरेतून सुटायचं नाही. "मी जन्मात खोटं बोलले नाही," असं बाई शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगत. आता खरं सांगायचं तर बिचारीला खोटं बोलायला सवड कुठे मिळाली होती?

मग मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांवर पट्टी आली. डॉक्टरांनी एक छोटी बाटली बाईंच्या हातात ठेवली. "सकाळ-संध्याकाळ खोली अंधारी करून, पट्टी सोडून थेंब घालायचे आणि पुन्हा बांधायची. यात हयगय झाली तर दृष्टीची आशा सोडा."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे डोळे मास्तरांचे मिटले होते आणि दूध बाई पीत होत्या.

"काय चाललंय गं?" मास्तर विचारायचे.

"कपाट पुसतेय," पलंगावर पाय पसरून, बिस्किट चहात बुडवत बाई सांगायच्या. पहिलं खोटं घशात अडकलं, दुसरं अलगद उतरलं, पुढची तर त्यांनी चवीने खाल्ली. एकदा मास्तरांच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी चक्क जीभ काढून त्यांना वेडावलं. मग उशीत तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसल्या. किती वर्षांनी हसल्या, कोण जाणे!

एका संध्याकाळी बाटली हातातून निसटली आणि सगळं औषध बेसिनमध्ये वाहून गेलं. आता बोलणी बसणार, म्हणून बाईंनी बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरलं. एका वेळेचा तर प्रश्न! सकाळी नवी बाटली आणायला निघाल्या, चप्पल पायात घातली, दारापर्यंत गेल्या. तिथून त्यांना खुर्चीतले मास्तर दिसले. हात मांडीवर, मान खाली, गप्प. घर कसं शांत होतं. हे डोळे उघडले की पुन्हा ते सगळं सुरू.

बाईंनी चप्पल काढून ठेवली. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला.

"थेंब गार लागताहेत हल्ली," दोन दिवसांनी मास्तर म्हणाले.

"खिडकीत राहते ना बाटली."

मास्तरांनी मान जराशी कलती केली, कुणी कानाशी बोलावं तशी. "असेल," ते म्हणाले.

दुपारी चहा पुढे करताना बाईंनी सवयीने वेडावलं.

"जीभ आत घे," मास्तर म्हणाले.

बाईंनी हातातली बशी सावरत वाकून पट्टी पाहिली. पट्टी घट्ट होती, गाठ त्यांनीच मारली होती. "अगं बाई! दिसायला लागलं की काय तुम्हाला?"

"मला कुठलं दिसतंय? तो सांगतो ना."

"तो कोण?"

"तुझ्या मागे उभा असतो तो. मला वाटलं, माझ्या सोबतीला तूच कुणाला तरी ठेवलंयस."

बाई गर्रकन वळल्या. मागे भिंत होती. भिंत आणि त्यांची पाठ यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी जागाच नव्हती.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! म्हातारा खडा टाकून पाहतोय, त्यांनी स्वतःला बजावलं. तरी खात्री करावी म्हणून बशीतला चमचा हळूच उचलला आणि पाठीमागे मुठीत धरला. श्वास रोखला.

मास्तरांची मान कलली.

"चमचा काढ गं तिथून. त्याच्या पोटात टोचतोय."

बाई अनवाणीच दुकानात धावल्या. नवी बाटली आणली, थेंब घातले. त्यानंतर त्या घरात खोटं म्हणून बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात एकट्या असल्या तरी मोठ्याने सांगायच्या, "एक बिस्किट घेतलं हो!"

"कळलं," बाहेरून मास्तर म्हणायचे.

पट्टी कायमची काढायच्या दिवशी डॉक्टरांनी मास्तरांच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून पाहिलं. मग दिवा बंद केला.

"दृष्टी येणार नाही. औषध नेमाने घातलंत ना?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता मास्तर सांगणार. उभ्या जन्मात एका पोराला पाठीशी न घातलेला माणूस तो.

"एकही वेळ चुकली नाही तिची," मास्तर म्हणाले.

बाई रस्ताभर रडल्या. जिन्यात त्यांना राहवेना.

"पाण्याचं ठाऊक होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग खोटं का बोललात?"

मास्तरांनी चाचपत त्यांचा खांदा धरला. हात बर्फासारखा गार होता. "तिथे तो नव्हता ना गं. तो घरीच थांबलाय." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "आता मात्र त्याने विचारलं तर सांगावं लागेल. मलाही."

बाईंनी पिशवीतून किल्ली काढली.

ती कुलपाला लागायच्या आधीच आतून कडी सरकली.