छत्तीसचे सोळा

"अक्का, काल आम्ही गेल्यावर वर कुणी गेलं होतं का?"

दसऱ्याच्या सकाळी नऊला निवेदिता अहल्याअक्कांच्या दारात उभी होती. पायात चप्पल नाही, ओढणीचं एक टोक जमिनीला टेकलेलं. अक्का तोरण बांधत होत्या. ते त्यांनी एका खिळ्यावर तसंच लोंबत सोडलं आणि तिला आधी आत बसवलं.

कुणी गेलं नव्हतं. वरच्या मजल्याची किल्ली एकच, आणि ती रात्रभर अक्कांच्या देवघरात होती.

"मग गेम सोळावर कसा आला?" निवेदिता म्हणाली. "काल छत्तीस होता. बारा वाजता ते सिंगापूरचे गृहस्थ येणार, तीनच्या विमानानं जाणार. तीसच्या खाली ते खेळ विकत घेणं सोडाच, बघणारसुद्धा नाहीत. आम्ही संपलो, अक्का."

इंदिरानगरातलं हे घर अक्कांचं. वरच्या दोन खोल्यांत तीन मुलं दोन वर्षं कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होती. किल्ला, चढाई, तोफा, घोडे. नागपूरची निवेदिता खेळाचे डावपेच आणि नियम लिहायची. पुण्याचा श्रीहर्ष सगळं चित्र हलवणारा मुख्य प्रोग्रॅम लिहायचा. शंतनु चित्रं काढायचा. हे १९९८ साल. निम्मं शहर अमेरिकेच्या रांगेत उभं होतं आणि ही तिघं खेळ बनवत बसली होती, त्यामुळे शेजारीपाजारी हसायचे. अक्का हसायच्या नाहीत. टेलिफोनच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं चाचणी विभागात काढली होती. एकाच यंत्राला चिकटून बसणारी माणसं त्यांना घरच्यासारखी वाटायची.

आता ही सोळा-छत्तीसची भानगड काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं रामायण फुकट. पडद्यावर एका सेकंदात जितकी चित्रं बदलतात तितक्या फ्रेम. छत्तीस असल्या की घोडा दौडतो. सोळा असल्या की तोच घोडा धक्के खात चालतो आणि बघणाऱ्याचं डोकं उठतं. एवढंच. पण या एवढ्याशा आकड्यावर तिघांची दोन वर्षं टांगलेली होती.

अक्का वर गेल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी गेल्या.

वर श्रीहर्ष कॉम्प्युटरचा डबा उघडून बसला होता. त्याचं निदान केव्हाच झालं होतं. ग्राफिक्स कार्ड कुणीतरी बदललंय, असली काढून नकली बसवलंय, आणि हे काम परसूचं. परसू म्हणजे त्यांना कॉम्प्युटर जोडून देणारा चामराजपेटचा कारागीर. काल आयुधपूजेला तो आला होता. पूजा झाल्यावर मशीनला हार बांधायला म्हणून पंधरा मिनिटं एकटाच वर थांबला होता. मग किल्ली अक्कांकडे देऊन दुपारच्या बसनं गावी गेला होता. आधी पोलिसात जाऊ, मग हॉटेलवर फोन करून सिंगापूरवाल्यांना येऊ नका म्हणून सांगू, असं श्रीहर्षचं चाललं होतं.

शंतनु स्कूटर घेऊन दुसरं कार्ड शोधायला बाहेर पडला होता. दसऱ्याला दुकानं बंद, म्हणून बिचारा ओळखीच्यांची दारं ठोठावत फिरत होता.

निवेदिता घड्याळाकडे बघत होती. साडेनऊ झाले होते.

अक्कांनी खुर्ची ओढली आणि आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत सुरुवात केली. "स्वल्प थांबा. मला विचारू द्या. काल शेवटचा छत्तीस कुणी बघितला?"

"सगळ्यांनी," निवेदिता म्हणाली. "सकाळी साडेदहाला. तुम्हीपण होतात."

"मशीन बंद कुणी केलं?"

"मी, माझ्या हातानं. आणि लगेच तुम्ही फ्यूज काढलात."

ते खरं होतं. अक्कांच्या घरची ही जुनी रीत. आयुधपूजेला हत्यारं विसावतात तशी वीजही विसावली पाहिजे, असं त्यांच्या सासऱ्यांनी कधीकाळी ठरवून टाकलं होतं. पूजेआधी जिन्याखालचा वरच्या मजल्याचा चिनी मातीचा फ्यूज काढायचा. देवापुढच्या ताटात पकड-स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी ठेवून त्याला हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्याला सकाळी परत बसवायचा. पहिल्या वर्षी ही तिघं पोट धरून हसली होती. दुसऱ्या वर्षी आपणहून फूल वाहू लागली.

"आज फ्यूज कुणी बसवला?"

"मी," श्रीहर्ष म्हणाला. "आठला तुमच्याकडून किल्ली नि फ्यूज घेतला ना? बसवला, मशीन लावलं, तर सोळा. साडेआठला ही आली, तिला दाखवलं."

"मग काय काय करून बघितलंस?"

"कार्डाचं सॉफ्टवेअर दोनदा नव्यानं टाकलं. कार्ड काढून, पुसून, परत बसवलं. कार्ड नकली आहे हो, अक्का. बाजारात असला माल ढिगानं फिरतो."

अक्कांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कळत नाही हे सांगायला त्यांना कधी लाज वाटली नाही. डब्यात कोण काय काम करतं, असं त्यांनी निवेदिताला सरळ विचारलं. तिनं घाईघाईत सांगितलं. प्रोसेसर ठरवतो की घोडा कुठे, गोळा कुठे, भिंत कुठे. ग्राफिक्स कार्ड ते रंगवून पडद्यावर टाकतं. दोघांची जोडी जमली तरच फ्रेम मिळतात. एक मागे पडला की दुसरा नुसता वाट बघत बसतो.

"म्हणजे एकीनं लाटायचं, दुसरीनं भाजायचं," अक्का म्हणाल्या. "लाटणारी मंद असली तर भाजणारी कितीका चपळ असेना, तव्यावर पोळीच यायची नाही."

निवेदिता हो म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. घरी कुठल्या तोंडानं जाऊ, असं ती म्हणत राहिली. तिचे बाबा अजून लोकांना सांगत होते की मुलगी बँकेत आहे. बँकेतली ती नोकरी सोडून दोन वर्षं झाली, हे त्यांना खेळ विकला गेला की सांगायचं ठरलं होतं. श्रीहर्ष डब्यात मान घालून बसला. त्यानं वर बघितलं नाही.

अकराला दहा कमी असताना शंतनु आला. घामानं थबथबलेला, हातात रुमालात गुंडाळलेलं कार्ड. जुनं होतं, असलीच्या निम्म्या ताकदीचं, पण मिळालं हेच नशीब. त्यांनी ते बसवलं. मशीन सुरू व्हायला दोन मिनिटं लागली.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला. सोळा.

शंतनु भिंतीला टेकून खाली बसला. मी सहा घरं फिरलो, एवढंच तो म्हणाला.

"झालं सिद्ध," श्रीहर्ष म्हणाला. "या भिकार कार्डावर सोळा आणि त्याच्यावरही सोळा. म्हणजे तेही भिकारच. मी हॉटेलवर फोन करतो. उगाच त्या माणसाला बोलावून शोभा नको."

"फोन करू नकोस," अक्का म्हणाल्या. "दोन वेगळी कार्डं, दोन वेगळ्या कंपन्यांची, आणि आकडा तोच? आमच्या खात्यात असं झालं की आम्ही म्हणायचो, दोष बदललेल्या भागात नाही, न बदललेल्या भागात आहे. निवेदिता, कार्डाचं काम कमी करता येतं का ग? चित्र लहान करून?"

येत होतं. रुंदी निम्मी, उंची निम्मी, म्हणजे रंगवायचं काम चौथाईवर.

"कर."

वेळ घालवू नका, असं श्रीहर्ष म्हणाला. निवेदितानं केलं. चित्र पडद्याच्या मधोमध आक्रसून बसलं. कार्डाला आता चौथाईच काम होतं. ते दोषी असतं तर आकडा उडीच मारायला हवा होता.

सोळा.

निवेदिताचे हात कीबोर्डवर थांबले. "कार्ड नाहीच," ती हळू आवाजात म्हणाली. "कार्ड रिकामं बसलंय. प्रोसेसरच काम पुरवत नाहीये."

"प्रोसेसर न बदलता मंद करता येतो?"

"येतो." ती आता अक्कांशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. प्रोसेसरला एक छोटी स्मृती असते, कॅश म्हणतात तिला. नेहमी लागणाऱ्या गोष्टी तो तिच्यात हाताशी ठेवतो. ती बंद केली की प्रत्येक गोष्टीसाठी लांब जावं लागतं. सुरुवातीलाच एक की दाबून सेटिंगच्या पानावर जायचं, तिथं चालू-बंद करता येते.

"त्याला स्क्रूड्रायव्हर लागतो?"

"नाही. नुसता कीबोर्ड."

"आणि वीज?"

"वीज तर लागणारच," निवेदिता म्हणाली, आणि मग ती श्रीहर्षकडे वळली.

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षाच्या चाकाखाली पूजेची लिंबं चिरडत होतं.

"मी सांगते," अक्का म्हणाल्या. "परसू इथं एकटा होता, खरं आहे. पण तेव्हा फ्यूज माझ्या देवापुढे होता. कार्ड चोरायचं तर विजेविना चोरता येतं, म्हणून तर तू कार्ड-कार्ड करत होतास. कार्ड म्हटलं की परसू आला. पण दोष कार्डात नाही, सेटिंगमध्ये आहे, आणि ते विजेशिवाय बदलता येत नाही. काल साडेदहाला छत्तीस होता. त्यानंतर वर वीज आली ती आज आठला. साडेआठला ही आली. मधल्या अर्ध्या तासात वर एकच माणूस होता."

"अक्का, मशीन आपोआपही..."

"होईल. यंत्र आहे, बिघडेल. तेवढ्यावर मी तुझं नाव घेतलं नसतं. पण तीस वर्षं मी बिघाड शोधणारी माणसं बघितली, श्रीहर्ष. ती सगळ्यात सोपी गोष्ट आधी करून बघतात. चित्र लहान करायला हिला अर्धं मिनिट लागलं. हा प्रोग्रॅम तू लिहिलास. तीन तासांत तुला ते सुचलं नाही? ज्याला उत्तर ठाऊक असतं, तोच तपासत नाही बाबा."

श्रीहर्षनं डब्यावरचा हात काढला. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याला अमेरिकेची नोकरी लागली होती. वीस ऑक्टोबरचं तिकीट खिशात होतं. सिंगापूरवाल्यांनी होकार दिला तर दोन वर्षांचा करार तिघांच्या सहीनं होणार, आणि नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. खेळ आपोआपच पडला असता तर कुणी कुणाला सोडून गेलं असं झालं नसतं. परसूचं नाव तोंडाला आलं म्हणून घेतलं. पोलिसात कुणी खरंच गेलं असतं तर मी थांबवलं असतं, असं तो म्हणाला, पण ते त्याला स्वतःलाही पटलं नसावं.

"बँक सोडायला तूच सांगितलं होतंस," निवेदिता म्हणाली. "नागपूरला येऊन. आमच्या स्वयंपाकघरात बसून."

शंतनु उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

रडत बसायला मात्र वेळ नव्हता. साडेअकरा झाले होते. निवेदितानं मूळचं कार्ड परत बसवलं, सेटिंगच्या पानावर जाऊन बंद केलेली कॅश चालू केली आणि खेळ लावला. पस्तीस, छत्तीस, छत्तीस. घोडा किल्ल्याच्या चढणीवर सुसाट निघाला. कुणाला आनंद झाला नाही.

बाराला पाच कमी असताना पाहुणे आले. गोरटेले, बुटके, घामेजलेले गृहस्थ, हातातली बॅग खालीसुद्धा ठेवायला तयार नव्हते. खेळ दाखवायला श्रीहर्षच बसला, कारण किल्ल्याची वाट त्याच्याच हातांना पाठ होती. निवेदितानंच त्याला बस म्हणून सांगितलं. पाहुण्यांनी दहा मिनिटं एक शब्द न बोलता बघितलं. मग हे चालवणारा प्रोग्रॅम कुणी लिहिला, असं विचारलं. निवेदितानं श्रीहर्षकडे बोट केलं.

त्यांनी मान डोलावली. खेळ त्यांना हवा होता. अट एकच, हा माणूस पुढची दोन वर्षं इथं असला पाहिजे.

श्रीहर्षनं निवेदिताकडे बघितलं. ती काही बोलली नसती तरी चाललं असतं. सह्या झाल्या असत्या, विमान गेलं असतं, पुढचं पुढे.

"तो वीस तारखेला जातोय," ती इंग्रजीत म्हणाली. "उरलेलं मी लिहीन."

पाहुणे तिच्याकडे बघत राहिले. किल्ल्याच्या दरवाजापाशी आकडा तेहतीसवर का घसरतो, ते सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं. सांगता येईल, ती म्हणाली, आणि सुधारताही येईल, पण दोन तास लागतील.

त्यांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी आणखी एक विमान होतं. त्यांनी बॅग खाली ठेवली. श्रीहर्ष खुर्चीवरून उठला आणि निवेदिता बसली.