उष्टं पुस्तक

दुकान बंद व्हायच्या आत अल्बिना नवा बल्ब आणायला बाहेर पडली. पुस्तकात मन लागत नाही, याचा ठपका तिने आधी चष्म्यावर ठेवला होता, मग खुर्चीवर, आणि आता पाळी बल्बची होती. आयुष्यभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या बाईला पुस्तक नकोसं झालंय, हे कबूल करण्यापेक्षा बल्बला नावं ठेवणं सोपं होतं. दुपार अजून सरली नव्हती, तरी उजेडाने आवराआवर सुरू केली होती. बेलारूसच्या त्या कोपऱ्यात हिवाळ्यातला सूर्य नुसतं तोंड दाखवून जातो. गल्लीत बर्फ पडत होता आणि त्यात बर्चच्या लाकडाचा धूर मिसळला होता.

अल्बिनाचा नवरा लावोन उन्हाळ्यात, गवत कापायच्या दिवसांत गेला. त्या दोघांची एक जुनी रीत होती. दर वर्षी पानगळीच्या सुमारास एक जाडजूड कादंबरी आणायची आणि बर्फ वितळेपर्यंत पुरवायची. ती मोठ्याने वाचायची. तो विटांच्या मोठ्या चुलीच्या माथ्यावर, झोपण्यासाठी बांधलेल्या ऊबदार कोपऱ्यात आडवा पडून सूर्यफुलाच्या बिया फोडत ऐकायचा. पण पठ्ठ्या लबाड होता. ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली की पुस्तक काढून पुढची पानं वाचून ठेवायचा आणि मग ती वाचताना विनोद यायच्या दोन ओळी आधीच फिदीफिदी हसायचा. चोरी तिथेच पकडली जायची. वर पानांत टरफलं सापडायची ती वेगळीच.

"पुन्हा चोरून वाचलंस?" ती विचारायची.

"मी? माझं आणि अक्षरांचं वैर आहे, बाई," तो वरून म्हणायचा.

या वर्षीचं पुस्तक तिने एकटीनेच शहरातून आणलं होतं, पितरांचं जेवण झाल्यावर. वरचा कागद तिनेच फाडला. पण महिना उलटला तरी पहिलं प्रकरण सरत नव्हतं. डोळे ओळीवरून जायचे, पानाच्या तळाशी पोचायचे आणि हाती काहीच लागायचं नाही. शब्द कळत होते, पण त्यांना चव नव्हती. कुणीतरी आधीच चावून चोथा करून ठेवल्यासारखी ती पानं लागायची.

नव्या बल्बखाली पान लख्ख दिसलं. चव मात्र आली नाही. कंटाळून तिने उगाच पुढची पानं चाळली, आणि बोटाला काहीतरी टोचलं. दोन पानांच्या बेचक्यात सूर्यफुलाचं टरफल होतं. पुढे आणखी एक. त्याच्याही पुढे दोन.

अल्बिनाला कवळी होती. बिया फोडून तिला वर्षं झाली होती आणि घरात एक बी नव्हती. तिने पुस्तक मिटलं आणि हळूच वर पाहिलं. चुलीच्या माथ्यावर लावोनचा मेंढीच्या कातड्याचा कोट तिने घडी घालून ठेवला होता तसाच होता. चूल तडतडत होती. ती चूलच असावी, असं तिने स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन समोरच्या शेजारणीकडे, तेक्ल्याकडे गेली. निमित्त नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणासाठी खसखस मागायचं होतं. तेक्ल्याने दोन नवरे पुरले होते आणि दोघांनाही वेळच्या वेळी वाटेला लावलं, असं ती अभिमानाने सांगायची. तिने बिटाचं सूप पुढे ठेवलं. अल्बिनाने दोन घोट घेतले आणि चमचा खाली ठेवला. तिला गरम पाणी प्यायल्यासारखं वाटत होतं. मग तिच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं, पुस्तक, टरफलं, बेचव जेवण.

तेक्ल्या हसली नाही. उलट तिने उठून दार लावलं.

"पितरांच्या जेवणाला लावोनला बोलावलं होतंस ना?"

"बोलावलं. दार उघडं ठेवलं, प्रत्येक पदार्थाचा पहिला घास त्याच्या ताटात काढला. सगळं रीतीने केलं."

"आणि निरोप?"

अल्बिनाने नकारार्थी मान हलवली. जेवण आटोपल्यावर घरातल्या मोठ्या माणसाने उभं राहून पितरांना निरोप द्यायचा असतो. आलात, जेवलात, आता आपल्या घरी जा, असं मोठ्याने म्हणायचं असतं. गावात शेंबडं पोरही हे चुकत नाही. त्या संध्याकाळी अल्बिना उभी राहिली होती, तोंडही उघडलं होतं. पण चार महिन्यांनी घरात त्याच्या तंबाखूचा वास आला होता. ते शब्द तिच्या जिवावर आले. थंडी फार आहे, असं म्हणून तिने दार लावून घेतलं आणि ताटं उचलली.

"म्हणजे तो गेलाच नाही," तेक्ल्या हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्याआधी वाचतोय, तुझ्याआधी जेवतोय... तुला उरतं ते उष्टं."

"त्याचं उष्टं मी जन्मभर खाल्लंय."

"तेव्हा तो जिवंत होता, अल्बिना. आज पुस्तक, उद्या जेवण. परवा तुझा दिवसही तुझ्याआधी जगून घेईल. मग तुझं स्वतःचं काय उरणार? नाताळच्या जेवणालाही ते येतात. तेव्हा तरी सोड त्याला."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर अल्बिनाने रीतीप्रमाणे टेबलावर वाळलं गवत पसरलं, वर पांढरं कापड अंथरलं. मध घातलेली जवाची लापशी, खसखशीचं दूध, मासा. समोरच्या ताटात पहिले घास वाढले. ती जेवली, कशालाच चव नव्हती. मग तिने दार सताड उघडलं आणि खुर्चीला धरून उभी राहिली. तिला त्याचा राग आला, असं मध्येच टाकून गेल्याचा. आणि त्याला हाकलायचं म्हणून स्वतःचाही आला.

"या घरातल्या जुन्या माणसांनो," ती म्हणाली, "बोलावलं, आलात. पोटभर जेवलात. आता वाट मोकळी आहे. हे घर सोडा आणि आपल्या घरी जा... लावोन, तूसुद्धा. जा रे."

बाहेरून थंडी आत आली. दिवा हलला नाही, पडदा हलला नाही. ती बराच वेळ रडत उभी राहिली आणि मग दार लावून टेबलाशी बसली. लापशीचा उरलेला घास तोंडात घातला, तर मधाचा गोडवा एकदम जिभेवर आला. तिने सगळं ताट चाटूनपुसून संपवलं.

त्यानंतर पुस्तक असं काही लागलं की बोलायची सोय नाही. बाहेर बर्फ पडत राहायचा, खिडक्या पांढऱ्या व्हायच्या, दुपार आणि संध्याकाळ यांतला फरक मिटून जायचा आणि ती वाचत असायची. पुढे काय होणार हे तिला आधीच उमगायचं आणि तसंच व्हायचं. इतकी वर्षं वाचतेय, उमगणारच, असं तिला वाटायचं. खुर्चीत पाय गारठतात म्हणून ती चुलीच्या माथ्यावर चढून बसायला लागली. सूप अळणी वाटायचं, म्हणून वरून मीठ घ्यायला लागली. तेक्ल्या एकदा डोकावली आणि अल्बिनाला पाहून तिला बरं वाटलं. गालांवर रंग आलाय, म्हणाली, पण आता या वयात चुलीवरून पडून हाडं मोडून घेऊ नकोस.

बर्फ वितळायला लागला त्या सुमाराला ती शेवटाला पोचली. तर शेवटच्या काही पानांच्या कडा कापलेल्याच नव्हत्या. छापखान्यातून ती तशीच दुमडलेली, एकमेकांना जोडून आली होती. अल्बिनाला आधी हसू आलं आणि मग गलबलून आलं. लबाडाने सगळं पुस्तक आधी वाचलं, पण शेवट काही त्याला मिळाला नाही. ही पानं कुणाच्याच नजरेखालून गेलेली नव्हती. ही तिची एकटीची होती.

तिने स्वयंपाकाची सुरी आणून कडा कापल्या आणि पुन्हा चुलीवर जाऊन बसली. कोट अंगावर ओढून घेतला. लावोन जिथे कुठे असेल तिथे त्याला शेवट कळावा म्हणून ती जुन्या सवयीने मोठ्याने वाचायला लागली. कथेतला म्हातारा पाद्री लग्न लावायला उभा राहिला होता. सगळं गाव जमलं होतं.

अल्बिना फिदीफिदी हसली.

मग ती थांबली. त्या ओळीत हसण्यासारखं काहीच नव्हतं. नवरीने मान खाली घातली होती, इतकंच. तिने पुढे वाचलं. दोन ओळींनंतर पाद्रीबाबा चष्मा शोधत खिसे उलटेपालटे करत होते आणि चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

चूल विझत आली होती, ती तडतडत नव्हती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिच्या जिभेखाली काहीतरी खरखरीत लागत होतं. तिने दोन बोटं घालून ते बाहेर काढलं आणि दिव्यापुढे धरलं. सूर्यफुलाचं टरफल होतं, नीट मधोमध फोडलेलं, अजून ओलं.

घरातून तर तिने त्याला रीतसर वाटेला लावलं होतं.