जुन्या पॅटर्नचा कोट

पाकिटाचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्याच्या.

जुन्या कागदांच्या दुकानात, मासिकांच्या ढिगाखाली ते सापडलं होतं. आत ऐंशी वर्षांपूर्वीच्या थंडीच्या कोटाचा पॅटर्न — पातळ, करड्या पडलेल्या कागदाचे तुकडे. असे जुने पॅटर्न शोधायचे आणि घरच्या मशीनवर तसेच्या तसे कपडे शिवायचे, हा माझा नाद. वहिनी त्याला ‘मेलेल्यांची फॅशन’ म्हणायची.

“सोडा,” मी म्हटलं.

“तुम्ही सोडा. मला कामाचं आहे.”

“तुम्ही शिवता?”

“शिवतो की. पुस्तकं.”

तो बाइंडर होता. फाटलेली पानं सांधायला त्याला असाच जुना, पातळ कागद लागायचा.

“म्हणजे तुम्ही याच्या चिंध्या करणार?”

“आणि तुम्ही काय, पूजा करणार?”

“कोट शिवणार.”

“पुरुषाचा दिसतोय. कुणासाठी?”

मी पाकिटावरची धूळ पुसली. घरात एकच पुरुष, माझा दादा. आणि हा कोट घालण्यापेक्षा तो घर सोडून गेला असता.

“मग माझ्यासाठी शिवा,” त्याने आपलं टोक सोडलं. “पाकीट तुमचं, कोट माझा.”

मी हो म्हणाले. का म्हणाले… ते आजही सांगता येत नाही. नसते म्हणाले, तर आज एवढं तुटलं नसतं. पण मग माझ्याजवळ तुटायला तरी काय असतं?

रविवारी तो मापं द्यायला आला. मी त्याच्या छातीभोवती टेप नेली आणि तो श्वास कोंडून उभा राहिला.

“श्वास सोडा. नाहीतर माप चुकेल.”

“सोडतो, पण तुम्ही इतक्या जवळ उभ्या आहात, की परत घ्यायचा राहून जाईल.”

वहिनी दारात चहाचे कप घेऊन उभी. “वन्सं, माप छातीचं चाललंय ना? मग तुमचे कान का लाल झालेत?”

मी वहीत लिहिलं — छाती चाळीस. नेमकं पॅटर्नचंच माप.

मग दर रविवारी त्याला काही ना काही निमित्त मिळू लागलं. पॅटर्नचे फाटलेले तुकडे तो घेऊन गेला आणि असे सांधून आणले, की बोट फिरवलं तरी जोड लागेना. वहिनीने त्याचं नाव ‘चिकटराव’ ठेवलं. “चिकटराव आले,” ती आतूनच सांगायची, “कात्री काढा, नाहीतर आज सुटायचे नाहीत.” तो हसायचा आणि खरंच जायचं नाव घ्यायचा नाही. मी त्याच्याकडे सरळ बघायचे नाही. ज्याला बघत राहावंसं वाटतं, त्याच्याकडेच आपण चोरून बघतो ना…

मग एका रविवारी तो म्हणाला, “पाच-सहा आठवडे बाहेरगावी असेन. एका वाचनालयाची सगळी पुस्तकं बांधायची आहेत. तोवर कोट शिवून ठेवा.”

तो गेला आणि मी कापड कापायला घेतलं. दाट विणीचं गडद निळं लोकरी कापड. ठाणातला शेवटचा तुकडा होता. कागद वर ठेवला, कडेने खडूची रेघ मारली आणि रेघेवरून कात्री चालवली. कच्चे टाके घालून सगळा कोट जोडला आणि मग सहज म्हणून पाकिटातली चिठ्ठी वाचली, जी आधी वाचायला हवी होती. ‘या नमुन्यात शिवणीची माया धरलेली नाही.’

हल्लीच्या पॅटर्नमध्ये शिवणीसाठी कडेची जादा पट्टी धरलेलीच असते. जुन्यात ती आपण सोडायची असते, आणि मी सोडली नव्हती. पाठीची एक शिवण, बगलेखालच्या दोन; मिळून सहा कडा. प्रत्येक कडेला अर्धा इंच आत गेलेला. कोट छातीत तीन इंचांनी तोकडा झाला होता. त्याच्या अंगावर त्याची बटणं जन्मात लागली नसती, आणि तसं कापड दुसरं मिळणार नव्हतं.

आठवडाभर मी माफी कशी मागायची ते घोकत होते.

तो आला तेव्हा ऊन रणरणत होतं. अंगात जाडजूड, सैल शर्ट.

“झाला?”

“झाला… पण बिघडला. माझ्या हातून मोठी चूक झालीय. तुम्हाला बसणार नाही.”

“बघू तर.”

“नको ना. हसाल.”

“हसण्यासाठीच आलोय इतक्या उन्हात.”

त्याने पाठ फिरवून तो जाड शर्ट काढला, आतल्या पातळ सदऱ्यावर कोट चढवला आणि पुढून बंद केला. बटणांच्या खुणा एकमेकींवर आल्या. कुठे ताण नाही, कुठे सुरकुती नाही.

“चूक कुठाय?” तो आरशात बघत म्हणाला. “जसा माझ्यासाठीच बेतलेला.”

मी टेप काढली आणि कोटाच्या आतून त्याच्या छातीभोवती नेली. या वेळी त्याने श्वास कोंडला नाही.

सदतीस.

पुन्हा मोजलं. सदतीसच.

देवापुढे आजवर मी पुष्कळ काही मागितलं असेल. पण तेव्हा मनात एकच धावा चालू होता — देवा, वहीतलं ते पहिलं माप चुकलेलं असू दे. मी वेंधळी ठरू दे, बेअक्कल ठरू दे, पण चूक माझीच असू दे. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पहिल्यांदा सरळ. गालाची हाडं, डोळ्यांखालची ती राखाडी छाया… आणि देवाने माझं ऐकलं नाही, हे कळलं.

“कुठल्या वाचनालयात होतात?” मी विचारलं.

त्याने आरशात बघत कॉलर सारखी केली. “पलंगाला नंबर असतो, तसल्या.”

“मला का नाही सांगितलं?”

“तिथे रोज मोजतात मला. किती घटलो ते बघायला. तुमच्याकडे एकदाच मोजलं, ते मला काय शोभेल ते बघायला. म्हटलं, एक तरी घर असं राहू दे.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“ते भले आहेत. आकडा सांगत नाहीत. पण मी हिवाळ्याचं विचारलं, की खिडकीबाहेर बघतात.”

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला आणि थांबला. वहिनीने ऐकलं असावं. तिने आज कुणालाच चिडवलं नाही.

“मी हा कोट पक्का करते,” मी म्हणाले. “आत अस्तर घालते. अजून सहा महिने आहेत थंडीला, तुम्ही तोवर…”

“नको.”

“मग मला तरी येऊ द्या तुमच्याकडे. रोज. माझं… माझं तुमच्यावर…” पुढचं वाक्य मी किती दिवस मनात शिवत होते, आणि ते असं अर्धवट उसवून बाहेर आलं.

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “माझंही तेच आहे. त्या दुकानापासून. म्हणूनच नको म्हणतोय. काही महिन्यांच्या माणसापाठी तू आयुष्यभर रडत बसायचं, हा कुठला न्याय?”

“रडायचं तर आता आहेच. तुम्ही नको म्हटल्याने ते थोडंच चुकणार आहे?”

त्याने कोटाच्या बाहीवरून हात फिरवला, जसा तो जुन्या पुस्तकाच्या पाठीवरून फिरवत असेल.

“एक करशील? हा आत्ताच घालून जरा फिरून येऊ. हिवाळ्याची वाट बघायला मला जमेलसं दिसत नाही.”

“बाहेर आग ओकतंय ऊन. घामाघूम व्हाल.”

“होईन.”

बटणं अजून शिवली नव्हती, म्हणून मी समोर चार टाचण्या लावल्या. एक माझ्याच बोटात रुतली. वहिनी दाराशी आली. तिने पदराने डोळे पुसले, दार उघडून धरलं आणि कडेला झाली.

रस्त्यावर भर दुपारी लोकरी कोटातला माणूस, कोटावर जागोजाग पांढरे कच्चे टाके… लोक थांबून बघत होते. फळवाल्याने हाक मारली, “साहेब, बर्फ पडतोय का तुमच्या गल्लीत?” तोही हसला, मीही हसले. पन्नास पावलांवर त्याला दम लागला. तो माझ्या दंडावर रेलला, आणि त्या जाड कोटासकट त्याचा सगळा भार माझ्यावर आला. तो फारच थोडा होता.