पाहुण्यांचा बाक

ही गोष्ट बनावट वाटली तर वाटू द्या. यासीन मुकादम अजून आखातातल्या मीना सलमान बंदरावरच सुतारकाम करतो. त्याला विचारून या... पण जेवायच्या वेळी नको.

गेल्या फेब्रुवारीतली, गुरुवारची संध्याकाळ. तिथल्याच गुदैबिया भागातल्या एका शाळेचा हॉल.

नाटक स्कॉटलंडच्या जुन्या दंतकथेवर होतं. गेल लोकांचा राजा केनेथ, अल्पिनचा मुलगा. त्याला शेजारच्या पिक्ट लोकांचंही राज्य हवं होतं. त्याने त्यांच्या सरदारांना जेवायला बोलावलं, बसल्या बाकांच्या खुंट्या काढल्या आणि खालच्या खड्ड्यात पडलेल्यांना कापून काढलं. अल्पिनचं राजघराणं त्याच मेजवानीतून उभं राहिलं म्हणतात. खरंखोटं इतिहासवाले जाणोत.

केनेथ झाली होती यासीनची मुलगी, फिजा.

सामान यासीननेच केलं होतं. खुंटी ओढली की कोसळणारा पाहुण्यांचा बाक आणि राजाची भक्कम खुर्ची.

पण बाक करताना हा रत्नागिरीचा माणूस आतून चरफडत होता.

"मिस, दस्तरखानावर बोलावून दगा? आमच्यात दुश्मनालापण जेवणावरून असा नाय उठवत."

"अहो यासीनभाई, नाटक आहे ते! खाली गाद्या आहेत," नाटक बसवणाऱ्या उल्का मिस हसल्या.

यासीन प्रयोगाआधी गुपचूप बाकाला आतून बोल्ट मारून आला. पाहुणे पडणार नाहीत... खलास.

मेजवानी रंगली. फिजा खुर्चीवरून गरजली, "मी केनेथ, अल्पिनचा मुलगा! आजपासून पिक्टांचाही राजा!"

पडद्यामागून खुंटी ओढली गेली. बाक हललाच नाही.

हॉलमध्ये हशा पिकला. मग तो एकदम थांबला...

टक्... टक्...

लाकडातून खुंटी ठोकून काढल्याचा आवाज. यासीनने तो जन्मभर ऐकलेला.

आवाज बाकाखालून येत नव्हता.

राजाच्या खुर्चीखालून येत होता... आणि त्या खुर्चीला एकही खुंटी नव्हती.

"फिजा, ऊठ!"

यासीन स्टेजवर धावला. पोरीला दंडाला धरून ओढलं... आणि खुर्ची स्टेजच्या फळ्यांसकट खाली गेली. तिथे गादी नव्हती. स्टेजचा लोखंडी सांगाडा होता.

नंतर त्याने खुर्चीचे तुकडे तपासले. चारही पायांना खुंटीची भोकं होती. जुनी, झिजून काळी पडलेली. ती त्याने पाडली नव्हती.

लेकरू वाचलं.

घरातलं टेबल त्याने विकून टाकलं. आता सगळे फरशीवर दस्तरखान अंथरून जेवतात. खाली पडायला जागाच नको, म्हणून.

तरी फिजा ताटावर बसत नाही. समोरच्या रिकाम्या बाजूकडे बघत उभी राहते.

"अब्बा, आधी पाहुण्यांना बसू दे."

यासीन हात धुऊन तसाच थांबतो. ते बसले की नाही, हे फक्त फिजालाच कळतं.